ओट्याचे माप

काही शब्द जागच्या जागी बसून राहत नाहीत. माणसांबरोबर तेही घर बदलतात, अंगणातून माजघरात येतात आणि येताना आपला अर्थही थोडा पालटून घेतात. 'ओटा' हा असाच एक शब्द आहे. मराठवाड्यात त्याला 'वट्टा' असेही म्हणतात. पूर्वी ओटा म्हटला, की डोळ्यांपुढे येई तो दारापुढचा, मातीने लिंपलेला किंवा दगडांनी बांधलेला चौथरा. उन्हातान्हात राबलेली माणसे संध्याकाळी त्यावर टेकत. पिकापाण्याच्या आणि लग्नकार्यांच्या गोष्टी तेथे होत. एखादा वाटसरू आला, तर पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा त्याला तेथेच मिळे. ओटा ही विसाव्याची जागा होती.

आज त्याच नावाची दुसरी एक जागा घरोघरी दिसते. ती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. नाव एकच, परंतु दोघांच्या स्वभावात केवढे अंतर! बाहेरच्या ओट्यावर माणसे बसत; आतल्या ओट्यापुढे माणसाला उभे राहावे लागते. बाहेरच्या ओट्यावर काम संपल्यावर जायचे. आतल्या ओट्यापाशी काम सुरू होते आणि ते कधी संपले, असे सहसा होत नाही. घरातील सर्वांत अधिक राबणारी जागा कोणती, असे विचारले तर या ओट्याकडेच बोट दाखवावे लागेल. आणि तरीही घर बांधताना सर्वांत कमी विचार ज्याचा होतो, तोही बहुधा हाच ओटा असतो.

लातूर जिल्ह्यातील औसा हे तालुक्याचे गाव. तेथील जुन्या घरांतून स्वयंपाक जमिनीवर बसून होत असे. भिंतीशी मातीची चूल, तिच्या बगलेला वैल, हाताशी फुंकणी, पुढ्यात लाकडी काटवट आणि बसायला पाट, एवढा त्या स्वयंपाकघराचा संसार. घरची बाई पाटावर बसे, ज्वारीच्या पिठाचा उंडा काटवटीत मळी आणि तळहाताच्या तालावर भाकरी थापी. धुराने डोळे चुरचुरत, गुडघे आखडत, हे खरे. त्या दिवसांचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि त्या बैठकीत एक गुण होता. तेथे मापाचा प्रश्नच येत नसे. उंच बाई असो की ठेंगणी, जमीन दोघींना सारखीच जवळ होती.

पुढे रॉकेलचे स्टोव्ह आले आणि मग गॅसची शेगडी आली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळाला, तर वर न जाता जमिनीलगत साचतो. शिवाय त्याची टाकी नेहमी उभीच ठेवावी लागते आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर असणे सुरक्षिततेचे असते. त्यामुळे विस्तव जमिनीवरून उठला आणि कमरेइतका उंच गेला. विस्तव उभा राहिला, म्हणून त्यापुढची बाईही उभी राहिली. धूर गेला, राख गेली; परंतु त्याच दिवशी स्वयंपाकघरात एक नवा प्रश्न येऊन बसला. विस्तव उंच करायचा, तो किती?

हा ओटा बांधला जाई दगडाचा. औसा परिसरात दगडाला तोटा नाही. तेथील भुईकोट किल्ला पाहिला, की याची खात्री पटते. खंदक आणि तटबंदी यांनी वेढलेला तो बहामनी काळातील किल्ला काळ्याकभिन्न दगडांचा आहे. फार प्राचीन काळी लाव्हारस थिजून हा दगड झाला. तोफेच्या गोळ्याला तो दाद देत नाही. पण त्याच कठीणपणामुळे त्याच्या पातळ, सपाट फरश्या निघत नाहीत. म्हणून ओट्यासाठी दगड येई तो शहाबादहून. तो चुनखडीचा, थरांवर थर बसून झालेला असतो. त्यामुळे वहीची पाने सुटावीत तशा त्याच्या फरश्या सुटतात. 1948 पर्यंत औसा आणि शहाबाद ही दोन्ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि शहाबाद आजच्या कर्नाटकात गेले. परंतु 'शहाबादी' हे फरशीचे नाव मराठी घरांत कायमचे वस्तीला राहिले.

फरशी चांगली, गवंडीही कसबी. मग अडचण कोठे येई? अडचण येई ती मापात. गवंडी भिंतीची लांबी मोजी, फरशीची रुंदी मोजी, खालच्या टाकीची उंचीही मोजी. त्या ओट्यापुढे जी व्यक्ती वीस-पंचवीस वर्षे उभी राहणार, तिची उंची मात्र कोणी मोजत नसे. 'ओटा सगळीकडे एवढाच असतो,' असे तो म्हणे आणि घरातील माणसे मान डोलावीत.

ही चूक एकट्या औशाची नव्हे. ती साऱ्या जगाची आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात 1926 साली हजारो नवी घरे बांधायची ठरली, तेव्हा त्यांतील स्वयंपाकघराची आखणी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंकडे सोपवण्यात आली. मौज अशी, की त्यांनी स्वतः तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता. ते त्यांनी लपवूनही ठेवले नाही. ठाऊक नव्हते म्हणूनच त्यांनी गृहीत धरले नाही. स्वयंपाक करणारी बाई किती पावले चालते, कशासाठी वाकते, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे त्यांनी निरखून पाहिले, घड्याळ लावून मोजले. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातील अगदी चिंचोळे स्वयंपाकघरही त्यांनी अभ्यासले. मग जी खोली त्यांनी आखली, ती पुढे 'फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर' या नावाने प्रसिद्ध झाली. काम करणाऱ्याकडे आधी पाहावे आणि भिंतीकडे मागाहून वळावे, ही त्यांची रीत. ती साधी आहे. पण साध्या गोष्टीच माणसाला उशिरा सुचतात.

औशातील एका गल्लीतले असेच एक साधे घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. घरात पाच माणसे. वडील कचेरीत कारकून, आई घर सांभाळते, आजी थकलेली पण नजरेने तीक्ष्ण, थोरला मुलगा आठवीत आणि धाकटी मुलगी सहावीत. ओटा शहाबादी फरशीचा, बरोबर तीन फूट उंच. आई मात्र ठेंगणी, पाच फुटांना इंचभर कमी. म्हणून भाकरी करताना ती पायाखाली एक पाट घेते. एक पाय पाटावर, एक जमिनीवर, असे करता करता ती शेगडीपाशी सरकते, पुन्हा पाटावर चढते. अकरा वर्षे हे असेच चालले आहे. घरातील सर्वांनी ते रोज पाहिले आहे. म्हणूनच कोणाला ते दिसलेले नाही.

एके दिवशी मुलीने विचारले, "आई, भाकरी करताना तू पाटावर का उभी राहतेस?"

"अगं, ओटा उंच आहे म्हणून."

"मग ओटाच खाली का नाही केला?"

या प्रश्नाला घरात कोणापाशीच उत्तर नव्हते. आई हसली आणि तिने तवा पालथा घातला. पण जेवताना वडिलांचे लक्ष प्रथमच तिच्या उजव्या खांद्याकडे गेले. ती तो खांदा मधूनमधून दाबीत होती. बांधलेला ओटा फोडणे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. शेगडी आणि पाण्याची मोरी होती तेथेच राहू द्यावी. समोरच्या कोरड्या भिंतीशी भाकरीसाठी एक वेगळा, बेताच्या उंचीचा फळीचा ओटा आपल्याच हातांनी बसवावा, असे दोन दिवसांच्या विचाराअंती वडिलांनी ठरवले.

पहिले काम मापाचे. टेप घेऊन वडील आईपुढे उभे राहिले, तेव्हा ती संकोचली.

"अहो, माझे कसले माप घेता? भिंतीचे घ्या."

त्यावर पाटावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "भिंत भाकरी थापत नाही, सूनबाई! उभी राहा नीट."

उंचीचे माप घेण्याची एक सोपी रीत आहे. माणसाने सरळ उभे राहावे, खांदे सैल सोडावेत आणि हात कोपरात दुमडावा. जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर हे मूळ माप. भाजी चिरण्यासारखे हलके काम कोपराखाली चार बोटांवर सुखाचे होते. कणीक तिंबणे, भाकरी थापणे अशा जोर लावायच्या कामांना ओटा त्याहूनही खाली हवा. कारण तेथे केवळ मनगट नव्हे, तर खांद्याचा आणि पाठीचाही भार उतरावा लागतो. ओटा उंच असेल, तर तो भार उतरत नाही. मग खांदे वर उचलले जातात आणि सारा ताण मानेवर येतो. फार खाली असेल, तर कंबर वाकते. सुखाची जागा या दोहोंच्या मध्ये असते आणि ती प्रत्येकाची निराळी असते.

ती जागा शोधण्यासाठी मुलाने परसातील विटा आणल्या. दोन चळती रचून त्यांवर एक जुनी फळी ठेवली आणि फळीवर परात. पहिल्याने उंची तीन फूट ठेवली. आई म्हणाली, "मला काय, कशावरही चालते." असे म्हणण्याची तिला सवयच होती. एकेक वीट काढल्यावर फळी सुमारे तीन इंच खाली आली. आईने पीठ मळून पाहिले आणि पुन्हा तेच उत्तर दिले. आणखी एकेक वीट काढली. आता फळी तीस इंचांवर होती. या खेपेस आई काही बोललीच नाही. तिने उंडा घेतला, पीठ भुरभुरले आणि एक अख्खी भाकरी थापून मोकळी झाली. तिचे खांदे खाली होते, पाठ सरळ होती. उत्तर तिच्या तोंडातून आले नव्हते, हातांतून आले होते. पडताळा पाहावा म्हणून मुलाने आणखी एक थर काढला, तेव्हा तिची कंबर वाकली. मुलीने आपल्या वहीत लिहिले : 30 इंच.

दुसरे काम भिंतीचे. घराचे कोपरे डोळ्यांना काटकोनी वाटतात; प्रत्यक्षात ते क्वचितच तसे असतात. ते ताडून पाहण्याची युक्ती शाळेच्या पुस्तकातच आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करायची, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधील तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले, तर कोपरा काटकोनी. पायथागोरसच्या नावाने ओळखला जाणारा हा सिद्धांत मुलाने पाठ केला होता; पण दोरी धरून तो पाहण्याची ही पहिलीच वेळ. अंतर पाच फुटांना बोटभर कमी भरले. म्हणजे कोपरा आत मिटलेला होता. सरळ कापलेली फळी तेथे बसवली असती, तर एका टोकाला फट राहिली असती आणि त्या फटीत पीठ, पाणी व मुंग्या यांनी बिऱ्हाड केले असते. म्हणून जुन्या पुठ्ठ्यांचा, फळीच्या आकाराचा नमुना भिंतीशी धरला. एक लहानसा लाकडी ठोकळा भिंतीला टेकवून सरकवीत नेला आणि त्याला चिकटून पेन्सिल चालवली. भिंतीचा सगळा वाकडेपणा त्या पुठ्ठ्यावर जसाच्या तसा उमटला. भिंत सरळ करणे आपल्या हाती नसेल, तर तिचे वाकडेपण नीट समजून घ्यावे, म्हणजे फळी बरोबर बसते.

हा पुठ्ठा घेऊन सगळे शेजारच्या सुतारकाकांकडे गेले. यंत्राची करवत हे मुलांचे काम नव्हे, हे वडील जाणून होते. काकांनी पाणी सोसणारे, पाऊण इंच जाडीचे प्लायवूड निवडले, पुठ्ठ्याबरहुकूम कापले आणि खाली ठेवायची चौकटही करून दिली. करवत लावण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक माप पुन्हा घेतले. मुलाने विचारले, "काका, आत्ताच तर मोजले होते ना?" काका म्हणाले, "कापलेले लाकूड पुन्हा वाढत नाही, बाळ."

चौकट भिंतीशी उभी केल्यावर ती सपाट आहे की नाही, हे पाहायचे होते. पाणसळ घरात नव्हती. तेव्हा काकांनी सांगितल्याप्रमाणे पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके चौकटीच्या दोन बाजूंना धरली. पाणी आपली पातळी आपणच शोधते; दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर येऊन थांबते. एका बाजूस चौकट जराशी खाली होती. पायाखाली लाकडाची पातळ चीप सारली आणि ती सारखी झाली.

आता राहिला वरचा पृष्ठभाग. नुसते प्लायवूड पाणी पिते, फुगते आणि डागाळते. त्यावर कठीण, गुळगुळीत असे काही तरी हवे. ते म्हणजे लॅमिनेट. घरोघरी त्याला 'सनमायका' म्हणतात. ते खरे तर एका उत्पादनाचे नाव. पण वापराने ते साऱ्या जातीलाच पडले. लातूरहून आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड असा तक्ता गुंडाळी करून आला, तेव्हा मुलीने तो वाजवून पाहिला आणि विचारले, "हा दगड आहे, काच आहे, की लाकूड?"

यांपैकी तो काहीच नव्हता. तो होता कागद! तपकिरी रंगाच्या कागदाचे अनेक थर राळेसारख्या कृत्रिम द्रव्यात भिजवतात, वर नक्षीचा कागद ठेवतात आणि 120 अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 50 किलो किंवा त्याहून अधिक भाराखाली ते दाबतात. मग त्या साऱ्या थरांचा एकजीव, कठीण तक्ता होतो. 1907 साली लिओ बेकलंड या शास्त्रज्ञाने अशा प्रकारचे पहिले कृत्रिम द्रव्य तयार केले. त्याचा उपयोग करून अमेरिकेत डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर या दोघांनी 1912-13 च्या सुमारास लॅमिनेट बनवले, ते स्वयंपाकघरासाठी नव्हे, तर विजेच्या यंत्रांसाठी. वीज अडवण्यासाठी तोवर अभ्रक वापरीत. इंग्रजीत अभ्रकाला 'मायका' म्हणतात. 'अभ्रकाच्या जागी' अशा अर्थाचे 'फॉर्मायका' हे नाव त्यांनी आपल्या वस्तूला दिले. पुढे 1930 च्या दशकात वरच्या थराला मेलामाइन नावाचे अधिक टणक द्रव्य वापरू लागले आणि यंत्रातला हा तक्ता स्वयंपाकघरात शिरला. अभ्रक त्यात कधीच नव्हते. त्याचे नाव मात्र मागे राहिले आहे.

हा तक्ता कापण्याची रीत करवतीची नव्हे. टोकदार कटरने वरच्या बाजूने पट्टीच्या आधारे तीच रेघ चार-सहा वेळा खोल ओढायची आणि मग तक्ता वरच्या बाजूकडे उचलायचा, म्हणजे तो रेघेवर तुटतो. कटर वडिलांच्या हाती होता. मुलांनी पट्टी घट्ट धरली. माप नेमके न घेता सर्व बाजूंनी तीन-चार मिलिमीटर जास्तच ठेवले. अधिक असलेले घासून काढता येते, उणे असलेले भरता येत नाही. फळीच्या पुढच्या कडेची अरुंद पट्टी आधी चिकटवली आणि वरचा तक्ता नंतर, म्हणजे वरचा तक्ता पट्टीच्या माथ्यावर येतो आणि जोड वर न दिसता पुढे जातो. वरून पुसताना पाणी त्यात उतरत नाही. फळीच्या खालच्या बाजूसही पातळ तक्ता लावला. एकाच बाजूला लावला असता, तर दमट आणि कोरड्या हवेत फळी वाकली असती.

चिकटवण्याचा दिवस आला. हे रबराचे चिकट द्रव्य फार तापट. त्याची वाफ चटकन पेट घेते. म्हणून वडिलांनी प्रथम गॅसची टाकी बंद केली, देवापुढचा दिवा शांत केला, खिडक्या उघडल्या आणि आजींना ओसरीत बसवले. द्रव्य फळीला लावले, तसेच तक्त्याच्या पाठीलाही लावले. मग थांबायचे! घाई करणाऱ्याचे येथे काही चालत नाही. ओले असताना जोडले, तर आत फुगे राहतात. बोटाची पाठ लावली असता चिकटत नाही, एवढे वाळले, की मगच दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना भेटवायचे. आणि एकदा भेटले, की भेटले. नंतर केसभरही सरकवता येत नाही.

म्हणून फळीवर आडव्या लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि त्यांच्यावर तक्ता अलगद पसरला. दोन्ही द्रव्यांच्या मध्ये पट्ट्यांएवढे अंतर होते. वडिलांनी तक्ता सर्व बाजूंनी जुळवून घेतला. घरात कोणी बोलेना. मग त्यांनी मुलीला खूण केली. तिने मधली पट्टी हळूच ओढून काढली. तक्ता मध्यावर टेकला. वडिलांनी मधून कडेकडे दाबत जावे, तिने एका बाजूची पट्टी काढावी, भावाने दुसऱ्या बाजूची, असे करता करता तक्ता सगळा बसला. दाबायला रूळ हवा होता. तो कोणापाशी नव्हता. तेव्हा इतका वेळ दारात उभी असलेली आई पुढे आली आणि फडके गुंडाळलेले लाटणे तिने वडिलांच्या हाती दिले. मग तिनेच ते परत घेतले आणि म्हणाली, "द्या इकडे, हे काम माझे आहे." लाटणे चालवण्यात त्या घरात तिची बरोबरी करणारे कोण होते? तिने असा सारखा जोर दिला, की एकही फुगा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी कडा कानशीने वरून खाली घासल्या. उलट घासले, तर तक्त्याचे टवके उडतात. सुतारकाका येऊन पाहून गेले. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, एके ठिकाणी थांबले, कानस मागून घेतली आणि दोनच हात मारून ती बारीक खाच घालवली. बोलले काही नाहीत. फक्त जाताना सांगून गेले, की या ओट्यावर तापलेला तवा ठेवायचा नाही, थेट सुरीने चिरायचे नाही आणि जोडाशी पाणी साचू द्यायचे नाही. हा कागदाचा दगड आहे; दगडाचे काम तो करील, पण कागदाची जात विसरणार नाही.

त्या संध्याकाळी आईने नव्या ओट्यावर भाकऱ्या थापल्या. जुना पाट रिकामा झाला. तो आजींनी मागून घेतला आणि त्यावर त्या बसल्या. पाट बसण्यासाठीच असतो. अकरा वर्षांनी तो आपल्या मूळ कामाला लागला.

ओट्याची ही गोष्ट एका घरापुरती वाटेल. पण घर कोणाच्या मापाने बांधावे, हा प्रश्न औसा तालुक्यापुढे एकदा फार भीषण रूपाने उभा राहिला होता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास या तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने हादरली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. अतिशय हानी झालेल्या 52 गावांची पुन्हा नव्याने उभारणी हाती घ्यावी लागली. इतर असंख्य गावांत तडकलेली घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. ते काम सरकारचे पैसे आणि अभियंत्यांचा सल्ला घेऊन घरमालकांनी स्वतः करावे, असे ठरले. त्या वेळी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया पुढे आल्या. भिंत कोठे आणि कशी बांधून घ्यावी, छताचा भार कसा कमी करावा, सामान कोठून आणावे, हे त्या शिकल्या आणि घरोघरी जाऊन त्यांनी ते इतरांना सांगितले. ज्यांना घराविषयी कोणी कधी काही विचारले नव्हते, त्याच घराविषयी बोलू लागल्या. भिंतींच्या मजबुतीइतकेच हेही मोलाचे होते.

स्वतःच्या हातांनी केलेल्या कामात पैसे वाचतात, हा त्याचा लहान लाभ. सुतार, गवंडी यांच्या कसबाची खरी किंमत कळते, हा त्याहून मोठा. कारण ज्याने एकदा एक साधी कड घासून पाहिली आहे, तो कारागिराशी कधी उर्मटपणे बोलणार नाही. पण सर्वांत मोठा लाभ याहून वेगळा आहे. वस्तू करायला बसले, की ती कोणासाठी आहे, हे विचारावेच लागते. आणि विचारले, म्हणजे वर्षानुवर्षे आपल्या घरात वावरणारे माणूस आपल्याला प्रथमच नीट दिसते.

पुष्कळ माणसे 'मला कशावरही चालते' असे म्हणत आयुष्य काढतात. त्यांच्या शब्दांवर विसंबून राहू नये. त्यांच्या पायाखाली एखादा पाट तर नाही ना, हे पाहावे. लाकूड, दगड आणि भिंत यांची मापे घेण्यास टेप पुरेसा आहे; माणसाचे माप घेण्यासाठी त्याच्याजवळ जावे लागते.